आपल्याच बैलाचे देणे

आटपाडी तालुक्यातील एका वाडीत आपल्या मंडळीतील एक शेतकरी राहतो. २०१९ साली चारा छावण्या उठल्या, पाऊस झाला, रानात हिरवे दिसू लागले. आणि ज्या दिवसांत जनावरे अंगी भरावयाची, त्याच दिवसांत ह्या गृहस्थाचा खिलार बैल झडू लागला. प्रथम त्याने वैरण टाकली. मग तो पाठीची कमान करून, पुढचे कोपर बाहेर काढून उभा राहू लागला. उतारावर नेला की पाय रोवी आणि कण्हे. पुढे जबड्याखाली व पोळीत पाणी उतरले आणि मानेची शीर दोरीसारखी फुगून दिसू लागली. शेजारी म्हणाले, दृष्ट लागली. कोणी लिंबू उतरावयास सांगितले, कोणी देवऋषाचे नाव सुचविले. आपल्या बंधूने त्यांतले काही केले नाही, हे लिहिताना आम्हांस समाधान वाटते. परंतु जनावरांच्या डॉक्टरांस बोलाविण्यासही त्याने तीन आठवडे घालविले, हेही लिहिले पाहिजे. डॉक्टर आले त्या दिवशी बैल उठत नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला.

डॉक्टरांनी बैल फाडून पाहिला. गुरांच्या चार पोटांपैकी एकाचे अस्तर मधमाशांच्या पोळ्यासारखे जाळीदार असते. ते पोट काळजाच्या अगदी पाठीशी असते. दोहोंमध्ये एक पडदा, एवढेच अंतर. त्या पोटातून बोटाएवढी लांब, काळी पडलेली तार पडदा भेदून काळजाच्या पिशवीत शिरली होती, आणि पिशवी पुवाने भरली होती. डॉक्टरांनी तार धुऊन तळहातावर ठेवली व विचारले, "ही कोठली?" तेथे उभ्या असलेल्या सर्वांनी गव्हाणीकडे पाहिले.

ती गव्हाण म्हणजे ट्रॅक्टरचा एक जुना टायर होता. तो मधून चिरून उलटा केलेला होता. कड कापताना आतील पोलादी तारा उघड्या पडल्या होत्या, आणि रोज जनावराच्या मानेचा व जिभेचा घासा बसून त्या एकेक करून तुटत होत्या.

तिसऱ्या दिवशी तो गृहस्थ आमच्याकडे आला व पायरीवर बसून त्याने विचारले, "गुरुजी, बैल मी मारला काय?" आम्ही त्यास म्हणालो, "नाही रे बाबा, तो अपघात होता. तुझ्या मनात का बैल मारावयाचे होते?" तो काही न बोलता उठून गेला. त्याचे समाधान झाले नव्हते, हे आम्हांस तेव्हाच दिसले. पण आम्ही त्यास परत बोलाविले नाही. ते उत्तर आम्ही त्याला बरे वाटावे म्हणून दिले होते, ते खरे आहे की नाही हे पाहून दिले नव्हते. त्या प्रश्नाचे राहिलेले उत्तर आज येथे लिहीत आहो. आपल्या उपदेशक बंधूंस असा प्रश्न केव्हा ना केव्हा कोणीतरी विचारीलच, म्हणून ते खाजगी न ठेवता ह्या पानावर लिहितो.

प्रथम गव्हाणीविषयी थोडे. सातारा व सांगली ह्या दोन जिल्ह्यांत पाऊस मोठा पक्षपाती आहे. महाबळेश्वरास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पडतो, आणि त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेस माण तालुक्यात पाचशे पडला तरी लोक बरे वर्ष म्हणतात. खटाव, आटपाडी, जत, कवठे महांकाळ हीही त्याच दुष्काळी पट्ट्यातील. अशा प्रदेशात कडब्याची पेंढी जमिनीवर टाकली तर बैल निम्मी खातो व निम्मी तुडवितो. शेणामुताने भरलेली वैरण तो पुन्हा तोंडी लावीत नाही. ती चगळ उकिरड्यावर जाते, आणि फाल्गुनात हाच शेतकरी वैरणीसाठी दारोदार फिरतो. म्हणून गव्हाण ही येथे शोभेची वस्तू नाही. जुन्या घरांतून ती दगडमातीची असे, वरून शेणाने सारविलेली. नदीकाठच्या बागायती गावांत विटा व सिमेंट आले. आणि ज्यास गवंड्याची मजुरी परवडत नाही तो हाती लागेल त्याची करतो: शहाबादी फरशीचे तुकडे, सिमेंटच्या फुटक्या पाइपाचा अर्धा भाग, उभे चिरलेले पिंप, मोटारीचा टायर. २०१२-१३ च्या दुष्काळात माणदेशी फाउंडेशनने म्हसवड येथे छावणी चालविली. तेथे व अशा इतर छावण्यांत माणसे महिनेच्या महिने गुरांजवळ राहिली. ज्यांनी तसे दिवस काढले आहेत त्यांस चार दगड रचून वैरण पायांपासून वाचविणे म्हणजे काय, हे आम्ही सांगावयास नको.

आता प्रश्नाकडे वळू.

त्या बंधूस तीन प्रकारे मोकळे करता येते, आणि तिन्ही प्रकार आपल्या गावांत रोज चालतात. पहिला दृष्टीचा किंवा नशिबाचा. त्याविषयी आम्ही लिहीत नाही. तार डोळ्यांनी दिसल्यावर दृष्टीची गोष्ट संपली. दुसरा असा की, ज्याच्या मनात वाईट नव्हते त्याच्याकडून पाप झाले नाही. हेच उत्तर आम्ही त्यास दिले होते. तिसरा प्रकार शहाण्यासुरत्या माणसांचा: बैल त्याचा, गव्हाण त्याची, नुकसान त्याचे. दुसऱ्याचे काही गेले नाही. हिशेब जेथल्या तेथे मिटला, मग देणे कोणाचे राहिले?

दुसऱ्या उत्तरास निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात उत्तर आहे. तेथे मोशेच्या नियमशास्त्रात एक साधी गोष्ट सांगितली आहे. कोणी खड्डा उघडा ठेवला व त्यात दुसऱ्याचा बैल पडून मेला, तर खड्ड्याच्या मालकाने भरपाई करावी. बैल पडावा म्हणून त्याने खड्डा खणला काय, असे तेथे कोणी विचारीत नाही. खड्डा खणणे हे पाप नव्हे. विहिरी व हौद सर्वांनाच लागतात. झाकण घालावयाचे राहिले, एवढाच त्याचा दोष. तेव्हा शास्त्राच्या दृष्टीने निष्काळजीपणा हा अपघाताचा सोबती नसून कृत्यांच्या खात्यात जमा होणारी गोष्ट आहे. टायरची उघडी तार हा बोटाएवढा उघडा खड्डाच होता.

परंतु तिसरे उत्तर इतक्याने हटत नाही, कारण त्या नियमात बैल शेजाऱ्याचा आहे. भरपाई शेजाऱ्यास मिळते. आपल्याच खड्ड्यात आपलाच बैल पडला तर पैसे ह्या खिशातून त्या खिशात जावयाचे. सरकारी कायद्याचेही जवळजवळ असेच आहे. प्राण्यांस क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा, मालकाने जनावरास पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे हा गुन्हा मानतो व पहिल्या गुन्ह्यास १० ते ५० रुपये दंड सांगतो. आपल्या बंधूने अन्नपाणी दिलेच होते. त्याची गव्हाण भरलेली होती. कोणताही शिपाई त्याच्या दारी आला नसता.

म्हणून खरा प्रश्न असा उभा राहतो की, बैल ही केवळ मालकाची वस्तू आहे, की मालकाकडे त्याचे स्वतःचे काही येणे लागते? वस्तू असेल तर तिसरे उत्तर बरोबर आहे आणि हा लेख येथेच संपवावा. कुऱ्हाडीचा दांडा मोडला म्हणून कोणी कुऱ्हाडीची क्षमा मागत नाही.

शास्त्र ह्यावर काय म्हणते? विश्रांतीच्या दिवसाची आज्ञा वाचताना आपण पुत्र, कन्या, दास, दासी येथपर्यंत लक्ष देतो व पुढे घाईने जातो. पण त्या यादीत बैल व गाढवही आहेत. कुऱ्हाडीस विश्रांती द्यावी असे कोठे लिहिलेले नाही. मळणीच्या बैलास मुसके बांधू नये, हा अनुवादातील नियम तर आपल्यासारख्या शेतकऱ्यांस फोड करून सांगावा लागत नाही. ज्या दाण्यांवर त्याचे पाय फिरतात त्यांतील घासावर त्याचा हक्क आहे. तो घास मालक देत नाही. मालकाने फक्त आड यावयाचे नाही.

येथे वाचक आम्हांस अडवितील, व अडवावेच. करिंथकरांस लिहिताना प्रेषित पौलाने हाच नियम घेऊन विचारले आहे की, देवास बैलांची काळजी आहे म्हणून हे लिहिले काय? आणि तो म्हणतो, हे आपल्याकरिता लिहिले. ह्यावरून पुष्कळ उपदेशक असा अर्थ काढतात की, बैल हे निमित्त, खरी गोष्ट सुवार्तेच्या सेवकाच्या पगाराची. आम्हांसही पगार आवडतो. पण पौलाच्या बोलण्याची बांधणी नीट पाहावी. तो म्हणतो की श्रम करणारास फळात वाटा असावा, आणि पुरावा म्हणून बैल पुढे करतो. बैलाचा हक्कच जर खोटा असेल तर पुरावा पडला, आणि त्याबरोबर सेवकाचा पगारही पडला. खालची वीट काढून घेऊन वरची तेवढी उभी ठेवता येत नाही. प्रभूनेही हीच रीत घेतली. अठरा वर्षे कुबड्या अंगाने चालणाऱ्या बाईस त्याने शब्बाथ दिवशी बरे केले, तेव्हा सभास्थानाचा अधिकारी रागावला. प्रभूने विचारले की, तुमच्यापैकी प्रत्येक जण शब्बाथ दिवशी आपला बैल गव्हाणीवरून सोडून पाण्यावर नेत नाही काय? बैलास पाणी पाजणे योग्य, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या मनात पक्के होते, म्हणून तर ती बाई सोडविली जाणेही योग्य ठरले.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. त्या ठिकाणी मूळ ग्रीक भाषेत गव्हाणीस जो शब्द आहे, तोच दुसऱ्या अध्यायात बाळ येशूच्या जन्मकथेत आहे, आणि लूकाच्या शुभवर्तमानाबाहेर नव्या करारात तो कोठेही येत नाही. नाताळच्या चित्रांत गव्हाण लाकडी रंगवितात. पॅलेस्टाईनात मगिद्दो येथे उत्खननात सापडलेल्या गव्हाणी मात्र दगडाच्या कोरलेल्या आहेत. आपल्या माणदेशातील माणसास त्या चित्रापेक्षा लवकर ओळखू येतील. कोणीतरी एका गड्याने ती बेथलेहेमातील गव्हाण आपल्या जनावराकरिता केली असेल. तिची कड गुळगुळीत होती की नाही, हे तिच्यात कोणास निजवावे लागेल ह्यावर त्या गड्याने ठरविले नसणार. त्याच्यापुढे बैल किंवा गाढव एवढेच होते.

तेव्हा आमचे मत असे झाले आहे की बैलाचे येणे आहे, आणि ते दयेच्या खात्यातील नसून देण्याच्या खात्यातील आहे. दया मनास येईल तेव्हा करतात. आपल्या ह्या भागात आषाढात बेंदूर होतो. शिंगे रंगवितात, झुली घालतात, पुरणपोळी चारतात. आपल्यांतील कित्येक कुटुंबे तो पाळीत नाहीत, आणि त्यावर ज्याने त्याने आपल्या मनाशी विचार केलेला आहे. परंतु बेंदूर पाळणारा असो की न पाळणारा, वर्षाचे उरलेले दिवस दोघांच्याही बैलांपुढे सारखेच येतात, आणि देणे त्या दिवसांचे असते.

मात्र ह्या देण्यात एक विलक्षण अडचण आहे. वाण्याचे देणे राहिले तर वाणी दारी येतो. सोसायटीचे राहिले तर नोटीस येते. हा सावकार असा की त्यास वाचा नाही. काम वाईट झाले तर तो परत करीत नाही. दुसऱ्या सुताराकडे जात नाही. त्यातून गुराची खाण्याची रीतही त्याच्या विरुद्ध आहे. शेळी ओठांनी निवडून पाने खाते, म्हणून खिळे, तारा तिच्या पोटात सहसा जात नाहीत. बैल जीभ फिरवून घास ओढतो, अर्धवट चावून गिळतो, आणि मग सावकाश बसून रवंथ करतो. त्याने गव्हाणीवर विश्वास ठेवूनच जेवावयाचे, अशी त्याची घडण आहे. बैल आपल्या धन्यास व गाढव धन्याच्या गव्हाणीस ओळखते, असे यशयाने म्हटले ते इस्राएलास लाजविण्याकरिता. परंतु धन्याने आपली गव्हाण ओळखावी की नाही, हेही त्यावरून सुचते.

येथे कोणी म्हणेल, गुरुजी, तुमचे म्हणणे पोट भरलेल्यांकरिता ठीक. ज्याच्या चुलीवर दोन वेळचे नाही त्याने बैलाकरिता सिमेंट कोठून आणावे? हा आक्षेप खरा आहे. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी डोळे पुसत दावणी मोकळ्या केल्या, त्यांस कोणी निष्ठुर म्हणू नये. पोराच्या तोंडचा घास काढून बैलास द्यावा, असे आम्ही कधीही सांगणार नाही. पण ह्या प्रकरणात नेमके काय कमी पडले ते पाहावे. पैसा कमी पडला म्हणून टायर आला. त्यात दोष नाही. टायर गव्हाणीस वाईटच असेही नाही, तो जनावराने ढकलला तरी फुटत नाही. कमी पडले ते एवढेच की, कड कापल्यावर उघड्या तारा पक्कडीने ओढून काढावयाच्या, न निघतील त्या ठोकून आत वळवावयाच्या, आणि धारेवर पाण्याची जुनी पाइप उभी चिरून बसवावयाची. अर्ध्या दिवसाचे काम. देण्याचा एक भाग पैशात फेडावयाचा असतो व एक भाग लक्ष देऊन. गरिबीने पहिल्यातून सूट मिळते. दुसऱ्यातून ती मिळेल असे आम्हांस वाटत नाही.

आणि सुधारणा आली म्हणून लक्ष कमी लागते, असाही समज करून घेऊ नये. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी सर्वांस ठाऊक आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये ती वसविली. त्यापूर्वी बेळगावास त्यांनी आधी कडबा कापण्याचे यंत्र व मग लोखंडी नांगर केला. कडब्याची कुट्टी केली की बुडखेसुद्धा खाल्ले जातात, वाया कमी जाते. हा लाभ मोठाच आहे. परंतु अखंड कडबा टाकणारा माणूस प्रत्येक ताट हाताळीत असे. पेंढीत काही परके असले तर ते दिसे. यंत्रातून निघालेल्या कुट्टीत दोन बोटे तार असली तरी ती भुश्यासारखी लपते. लांब तार यंत्रात गेली तर तिचे तर तुकडेच होतात. शिवाय आता गोठ्याशेजारी सिमेंटची घरे उभी राहतात आणि सळया बांधण्याची तार वाऱ्यावर पडलेली असते. जुना शेतकरी ज्या दोषातून आपोआप सुटत असे तो दोष नव्या शेतकऱ्यास मुद्दाम टाळावा लागतो. एका वाडीतील शाळामास्तर जुन्या रेडिओच्या कर्ण्यातील लोहचुंबक दोरीस बांधून कुट्टीतून फिरवितात. लोक प्रथम हसले. पहिल्याच दिवशी चुंबकास एक मोळा व दोन चुका चिकटून आल्या, तेव्हा हसणे थांबले.

आता जी गोष्ट आम्ही अद्याप लिहिली नाही ती लिहितो. लिहिण्यास जड जाते.

बैल गेल्यावर महिनाभराने आम्ही त्या घरी प्रार्थनेस गेलो. घरधनीण गोठा झाडीत होती. गोठ्याचे शेण, झाडलोट व गव्हाणीची सफाई आपल्या सर्वच घरांत बायांकडे असते. पुरुष गव्हाण करतो, पण तिच्यात रोज हात घालतो तो बाईचा. तिने आपला उजवा तळहात आमच्यापुढे धरला. अंगठ्याच्या मुळाशी भरून आलेली जखम होती, व शेजारी दुसरी. ती म्हणाली, "गुरुजी, चगळ काढताना मला दोनदा तार लागली. मी दोनदा सांगितलं ह्यांना." नवरा खांबाशी उभा होता. तो काही बोलला नाही.

म्हणजे त्यास ठाऊक नव्हते, असे नव्हते. निर्गमाच्या त्याच अध्यायात, खड्ड्याच्या नियमाच्या थोडे वर, मारक्या बैलाचा नियम आहे. बैलाने माणूस मारला, पण तो मारका आहे हे पूर्वी कळले नव्हते, तर धनी निर्दोष. परंतु बैल मारका आहे असे धन्यास कोणी सांगितलेले असून त्याने त्यास आवरून ठेवले नाही, तर गोष्ट अगदी वेगळी होते. सर्व भेद त्या सांगण्यात आहे. हा नियम आम्ही कित्येक वेळा वाचला होता. सांगणारा कोण असावा, हे तेथे लिहिलेले नाही. सांगणारी घरातील बाई असली तर ते सांगणे धरावयाचे नाही, असेही तेथे लिहिलेले नाही.

बैलास वाचा नव्हती हे आम्ही वर लिहिले ते अपुरे होते. त्याचे म्हणणे एका तळहातावर दोनदा उमटले व दोनदा तोंडाने बोलून दाखविण्यात आले.

आणि आमचे काय? छावणीतून जनावरे परत आली त्या आठवड्यात आम्ही त्याच ओसरीवर चहा घेतला होता. नवी गव्हाण आम्हांस त्याने कौतुकाने दाखविली होती. टाकाऊ टायरातून केली म्हणून आम्ही त्याच्या काटकसरीची वाखाणणी केली, आणि पुढच्या रविवारी उपासनेत काटकसरीवर बोलताना तिचा दृष्टान्तही दिला. जवळ जाऊन हात फिरवून पाहिला नाही. ज्यास दृष्टान्तच हवा असतो त्यास वस्तूची धार दिसत नाही. तेव्हा "बैल मी मारला काय" ह्या प्रश्नास "नाही, तो अपघात होता" असे चटकन उत्तर देण्यात आम्ही आपलीही सुटका करून घेतली होती, हे आता कबूल करतो.

त्या दिवशी गोठ्यात उभे राहूनच आम्ही त्यास म्हणालो, "मागे मी तुला जे सांगितले ते बरोबर नव्हते. तू मारावयास गेला नाहीस. पण तुला सांगितले गेले होते, आणि तू ऐकले नाहीस. मलाही दिसावयास हवे होते, आणि मी पाहिले नाही." त्यास वाईट वाटेल असे आम्हांस वाटले होते. तो इतकेच म्हणाला, "मला ते ठाऊक होतं, गुरुजी. तुम्ही नाही म्हणालात म्हणून मी घरी येऊन हिलाही बोलू शकलो नाही." खोट्या क्षमेने माणसाचे तोंड कसे बंद होते, हे आम्हांस त्या वेळी कळले. सेवेत इतकी वर्षे घालविल्यावर कळले.

पण देणे फेडावयाचे कोणास? मेलेला बैल घेणार नाही. आमच्या समजुतीने खड्डा झाकणे हीच पहिली फेड, आणि त्याच्या दावणीस दुसरा बैल होताच: जोडीतला, वयाने मोठा, दात झिजलेला. जोडीदार गेल्यापासून त्यास एकट्यास काम नव्हते, म्हणून वैरणही मागाहून व उरलेली मिळू लागली होती. भाकड गाय व म्हातारा बैल ह्यांच्यापुढे दुभत्या जनावराची चगळ टाकण्याची चाल सर्वत्र आहे. दुभत्यास अधिक पेंड, अधिक हिरवा चारा द्यावा, ह्यात गैर काही नाही. ते त्याच्या कष्टाचेच आहे. पण झिजलेल्या दातांस सर्वांत कठीण बुडखे द्यावयाचे, हा हिशेब कोणत्या न्यायाचा, ते आम्हांस समजत नाही. २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीसही बंदी आहे, म्हणून म्हातारा बैल गोठ्यात पूर्वीपेक्षा अधिक दिवस राहतो. राहतो तर त्याचे खाणे चावता येण्याजोगे असावे.

दिवाळीनंतर त्या गृहस्थाने विटांची गव्हाण बांधावयास घेतली. इतर बंधूंस उपयोगी पडेल म्हणून तिची मापे देतो. दर मोठ्या जनावरास लांबीची दोन ते अडीच फूट जागा धरली. रुंदी दोन फूट. तळ जनावराच्या पायाखालच्या जमिनीपेक्षा सुमारे अर्धा फूट उंच ठेवला. कारण गुराने मान खाली घालून, चरताना खाते तसे खावे, त्याने लाळ अधिक सुटते व रवंथ चांगले होते. तळ फार उंच केला तर मान ताठ होते आणि ते वैरण उडविते. जनावराकडची भिंत दीड-पावणेदोन फूट, पलीकडची तिच्याहून उंच. आतील कोपरे काटकोनात ठेवले नाहीत, थापीने गोल केले, कारण कोपऱ्यात ओले आंबोण अडकून बुरसते, आणि बुरशी पोटात गेली तर तीही विषच. तळास किंचित उतार व टोकास धुण्याचे भोक. दोन जनावरांमध्ये एक आडवी वीट उभी केली, म्हणजे दांडग्याने दुबळ्याचा वाटा ओढू नये. पिंपाची गव्हाण करणारांस एवढेच सांगतो की, औषध फवारणीचे किंवा रसायनाचे पिंप कितीही धुतले तरी ह्या कामी घेऊ नये; आणि उसाचे वाढे रोज घालीत असाल तर थोडी चुन्याची निवळी शिंपडावी, कारण वाढ्यातील ऑक्झॅलेट जनावराच्या अंगातील चुना बांधून ठेवते.

गवंडी म्हणाला, एकच बैल आहे, तीन फुटांत काम होईल. त्याने पाच फूट बांधून घेतली. दुसरा बैल कधी घेणार, असे आम्ही विचारले तेव्हा तो म्हणाला, खरसुंडीची पौषातली यात्रा येऊ द्या, पैसे जमले तर बघू, नाहीतर पुढल्या वर्षी.

गिलावा वाळल्यावर, पाणी मारण्याचे दिवस संपल्यावर, पहिली वैरण घालावयाच्या सकाळी आम्हांस बोलाविणे आले. प्रार्थना झाली. मग बाईने पदर खोचला, गव्हाणीत वाकून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तळहात फिरविला, आणि पलीकडच्या कोपऱ्यात थांबली. "इथं खरखरीत लागतंय," ती म्हणाली. नवऱ्याने विटेचा तुकडा घेतला, गव्हाणीत उतरून बसला आणि घासू लागला. म्हातारा बैल दाव्याला ताण देऊन हंबरत होता. बाई कडब्याची पेंढी कडेवर धरून उभी राहिली. मधून मधून ती हात घालून पाही आणि म्हणे, अजून थोडं.